फरशी चकाचक, सिंक तुंबलेलं

पत्र असं आहे:

'ताई, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नऊ जण नाशिकहून कोल्हापूरला आलो होतो. सासूबाई, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि चार मुलं. रंकाळ्याजवळचा एक फ्लॅट तीन रात्रींसाठी घेतला. ओळखीतून नंबर मिळाला होता, बोलणं सगळं फोनवरच झालं. भाडं, वर सफाईचे आठशे आणि दोन हजार डिपॉझिट. अंबाबाई झाली, ज्योतिबा झाला, पन्हाळा झाला. रविवारी दोन किलो मटण आणून फ्लॅटवरच तांबडा-पांढरा केला. सोमवारी सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. पाचला सासूबाई उठल्या आणि झाडू शोधायला लागल्या. "परक्याचं घर असं टाकून जायचं नसतं," म्हणाल्या. नवरा म्हणाला, "मग आठशे कशाचे मोजलेत?" आणि बॅगा घेऊन खाली गेला. दीर आधीच गाडीत जाऊन बसले होते. शेवटी मी आणि जाऊबाईंनी तिन्ही खोल्या झाडल्या, फरशी पुसली, रात्रीची भांडी घासली, चादरी नीट घालून ठेवल्या. निघायला साडेसात वाजले. कराडपर्यंत गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. बुधवारी मालकांचा मेसेज आला: चादरींना गुलाल लागलाय, सिंक तुंबलंय, गीझर चालू राहिला होता, म्हणून सातशे कापून तेराशे परत करतोय. एवढं राबून वर दंड! पाहुण्यांनी निघताना नेमकं किती साफ करायचं असतं? सासूबाई बरोबर की नवरा? आणि हे सातशे सोडून द्यायचे का?
एक सून, नाशिक'

ताई,

तुम्ही जे केलंत त्यातलं निम्म्याहून जास्त करायची गरज नव्हती, आणि जे करायला हवं होतं तेच राहून गेलं. हे वाचून वाईट वाटेल, पण तुमच्या दीड तासाचा हिशोब मांडला की असंच निघतं.

तिन्ही खोल्यांची फरशी पुसलीत. ती दहा वाजता येणाऱ्या मावशींनी पुन्हा पुसली असणार. राजारामपुरी-ताराबाई पार्काकडचे असे दोन-तीन फ्लॅट सांभाळणाऱ्या एक मावशी माझ्या ओळखीच्या आहेत, त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. फरशीचं ऐकून त्या हसल्या. पाहुण्यांनी पुसलेली फरशी त्यांच्या हिशोबात धरतच नाहीत. पुढच्या पाहुण्याला पायाखाली एक शीत लागलं तर मालक मावशींना विचारणार, नाशिकला फोन करणार नाहीत. त्यामुळे तुम्ही पुसा, न पुसा, त्यांचा फरशीचा अर्धा तास ठरलेला आहे.

चादरींचं तर उलटंच झालं. नीट घातलेली चादर दिसली की त्यांना कळत नाही ही वापरलेली आहे की कोरी. मग प्रत्येक उशी हुंगून बघायची, चादर उलगडून बघायची आणि शेवटी ओढून काढायची. तुम्ही चापूनचोपून घातलेल्या चादरीखाली गुलाल सापडला तो असाच. त्यांना बिछाना विस्कटलेला चालतो. ज्या गादीवर कुणी झोपलं नाही ती तशीच ठेवावी, झोपलेल्या विस्कटलेल्याच सोडाव्यात, आणि ओले टॉवेल गादीवर न टाकता बाथरूममध्ये टांगावेत. ओल्या टॉवेलनं गादीला ओल येते आणि ती चादर बदलून जात नाही. थंडीच्या दिवसांत गादी उन्हात टाकायची तर तीन तासांत व्हायचं काम नाही.

हे तीन तास लक्षात घ्या. पुष्कळ ठिकाणी सकाळी दहाला खोली सोडायची आणि दुपारी एकला पुढच्यांनी यायचं असा रिवाज आहे. नवरात्रात किंवा मे महिन्यात एकही दिवस मध्ये मोकळा नसतो. एक बाई, तीन खोल्या, दोन बाथरूम, स्वयंपाकघर आणि तीन तास. पाहुण्यांनी काय करून जावं याचं उत्तर या तीन तासांत कुठलं काम अडून बसतं त्यावर ठरतं. झाडणं-पुसणं अडत नाही, हातासरशी होतं. अडतं ते तुमचं सिंक.

आता त्या सिंकबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण यातली गंमत तुमच्या अजून लक्षात आलेली दिसत नाही. मालकांनी ज्याचे पैसे कापले ते तुमच्या आळसानं झालेलं नाही, भांडी घासल्यानं झालंय. रस्सा गरम असताना त्यातली चरबी पातळ असते. रात्रभर पातेलं तसंच राहिलं की ती वर थिजून पांढरी साय धरते. कोल्हापुरी मटणाला कट भरपूर, पांढऱ्याला नारळाचं दूध, म्हणजे तेल, चरबी आणि खोबऱ्याचा चोथा हे तिन्ही भांड्यांच्या तळाला. पहाटे साडेपाचला गार पाण्यात तुम्ही दोघींनी घाईघाईनं ते खरवडून सिंकात सोडलंत. चरबी पाइपाच्या वाकणात जाऊन बसली, तिच्यात चोथा, भाताची शितं, कोथिंबिरीच्या काड्या आणि एखादं बारीक हाडूक अडकलं. तुम्ही निघालात तेव्हा पाणी हळूहळू उतरत असेल, घाईत कुणाच्या लक्षात आलं नसेल. मावशींनी बादलीभर पाणी ओतल्यावर ते वर आलं.

हे रविवारी रात्रीच, जेवणं आटोपल्यावर करायचं होतं. हाडं आणि खरकटं ताटांतून आधी एका पिशवीत काढायचं. पातेल्यात राहिलेला कट दुधाच्या रिकाम्या पिशवीत ओतून तोंड बांधायचं. मग पातेलं अजून कोमट असताना जुन्या वर्तमानपत्रानं आतून पुसून घ्यायचं. कागद इतका तेलकट होतो की बघूनच कळतं किती चरबी पाइपात जाणार होती. त्यानंतर गरम पाणी आणि साबण. नऊ जणांची भांडी असली तरी चार हात लागले तर वीस-पंचवीस मिनिटांचं काम. आणि काही झालं तरी हाडं कमोडमध्ये टाकायची नाहीत. तुम्ही टाकली असं म्हणत नाही, पण माझ्या ओळखीच्या मावशींनी हे दोनदा सांगितलं त्यावरून लोक टाकतात असं दिसतं.

स्वतः मांडलेल्या स्वयंपाकाची भांडी घासायची का? माझ्या मते घासायची. चहाचे कप, नाश्त्याच्या ताटल्या नुसत्या विसळून ओट्यावर ठेवल्या तरी चालतं, पण मटणाचं पातेलं, कढई आणि कुकर आपणच घासून उपडी घालावी. सफाईच्या आठशेत रोजचं झाडणं-पुसणं, बाथरूम, चादरी, कचरा हे येतं. आपल्या मेजवानीचा पसारा त्यात येत नाही. काही मालक भांड्यांना वेगळी बाई देतात किंवा दोनशे-तीनशे जास्त घेऊन ते काम करून देतात. तशी सोय असेल तर खुशाल घ्यावी, विचारायला लाजू नये.

गुलालाचं मात्र मी तुमच्या बाजूनं बोलेन. ज्योतिबाला जाऊन आलेला माणूस गुलाबी होऊनच येणार. वाडी रत्नागिरीच्या पायऱ्या चढताना आपण उधळला नाही तरी दुसऱ्यांनी उधळलेला कानात, केसांत, चपलांत भरतो. कोल्हापुरात यात्रेकरूंना फ्लॅट देणाऱ्या आणि गाद्यांवर पांढऱ्याशुभ्र चादरी घालणाऱ्या मालकांनी गुलालाची तक्रार करावी याचं मला नवलच वाटतं. इथले जुने लॉजवाले गडद रंगाच्या चादरी वापरायचे ते काही आवड म्हणून नव्हे. तरीही आपल्या हातात थोडं असतं. गुलाल कोरडा असताना झटकला की निम्मा जातो, पाणी लागलं की बसतो. म्हणून गाडीत बसण्याआधी तिथंच डोंगरावर कपडे, डोकं झटकायचं. मुलांना दारातच कपडे बदलायला लावायचे, ते कपडे पिशवीत कोंबायचे आणि आंघोळ झाल्याशिवाय कुणी गादीवर आडवं व्हायचं नाही. इतकं करूनही लागला तर ओल्या फडक्यानं चोळत बसू नका, पसरतो. चादर बाहेर नेऊन झटका आणि मावशींना दिसेल अशी वेगळी ठेवा.

ओटी भरून आलेल्या बायकांच्या हळदीचंही तसंच. साबण लागला की हळदीचा डाग लालभडक होतो आणि माणूस घाबरून आणखी साबण लावतो. तो डाग धुऊन उन्हात टाकला की फिका पडत जातो. हे मावशींना ठाऊक असतं. आपण डाग लपवला नाही एवढं पुरे. बाकी घाण परवडली, पण लपवलेला डाग नको, असं त्यांचं म्हणणं पडलं. सांगितलेला डाग भिजत घालता येतो. घडीत लपवलेला चार दिवसांनी सापडतो तेव्हा पक्का झालेला असतो. हेच फुटलेल्या ग्लासाचं. कागदात गुंडाळून कचऱ्याच्या शेजारी ठेवावा आणि मालकांना सांगावं, केराच्या पिशवीत तसाच टाकू नये. ती पिशवी उचलणाऱ्याच्या हाताला लागतो.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. कोल्हापुरात महापालिकेचा टिप्पर सकाळी येतो, ओला-सुका वेगळा मागतो. २०१६ पासून देशभर नियमच तसा आहे, घर भाड्याचं म्हणून सूट नाही. सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर कागदात गुंडाळून वेगळे. तुम्ही टिप्परच्या आधी निघत असाल तर पिशव्या घट्ट बांधून मालकांनी सांगितलेल्या जागी ठेवा. जिन्यात किंवा फाटकाबाहेर ठेवल्यात तर टिप्परच्या आधी कुत्री येतात आणि मग सगळ्या अपार्टमेंटला तुम्ही काय जेवलात ते कळतं. देवळातून आणलेले हार-फुलं असतील तर ती कचऱ्यातही नकोत आणि रंकाळ्यातही नकोत. निर्माल्य कुठं द्यायचं ते मालकांना विचारा.

उरलेलं अन्न हा एक नाजूक विषय. पुष्कळ पाहुणे फ्रिजमध्ये अर्धा डबा रस्सा आणि चार भाकरी ठेवून जातात आणि मालकांना सांगतात, मावशींना खाऊ दे. भावना चांगली असते. पण मावशींच्या बाजूनं बघा: अनोळखी माणसांचं कालचं उरलेलं. त्यांचा वार असेल, उपास असेल, त्या मटण खात नसतील. कधी कधी तो डबा त्यांनाच ओतून घासावा लागतो. न फोडलेलं पाकीट, तेलाची पिशवी, साखर असं ठेवलं तर कुणालाही चालतं. शिजवलेलं असेल तर आधी विचारा, नाहीतर स्वतः टाकून डबा धुऊन ठेवा. बक्षीस द्यायचं असेल तर ते हातात द्यावं, किंवा चिठ्ठी लिहून ठेवावं. नुसती नोट टेबलावर ठेवली तर प्रामाणिक बाई ती पाहुणे विसरले म्हणून मालकांकडे नेऊन देते.

आता सासूबाई आणि नवरा. दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नव्हते, फक्त दोघंही वेगळ्याच घरात उतरले होते. सासूबाईंच्या पिढीनं यात्रा केल्या त्या धर्मशाळेत उतरून किंवा नातेवाइकांकडे राहून. धर्मशाळेत खोली आणि चटई मिळायची, बाकी सगळं आपलं आपण. निघताना झाडून किल्ली द्यायची, कारण आपल्या मागून त्या खोलीत थेट पुढचा यात्रेकरूच यायचा. नातेवाइकांकडे असाल तर आपण न आवरलेलं घरच्या सुनेला आवरावं लागायचं, आणि ते बघून चार महिने बोलणी खावी लागायची. ज्या बाईनं आयुष्यभर हे पाळलं ती पहाटे पाचला झाडू शोधणारच. तुमचा नवरा हिंडला तो हॉटेलांतून. तिथं वीस खोल्यांना माणसं नेमलेली, चादरी लाँड्रीत, आणि आपण फक्त किल्ली काउंटरवर द्यायची. तिथं झाडू मागितला तर मॅनेजर चक्रावेल.

रंकाळ्याचा तुमचा फ्लॅट यातला एकही नव्हता. सफाईचे पैसे घेतलेत, म्हणजे धर्मशाळा नव्हे. पण गॅस, कुकर, मिक्सर तुमच्या हवाली केलेत आणि मागं माणसांचा ताफा नाही, म्हणजे हॉटेलही नव्हे. अशा ठिकाणी मी हिशोब असा करते: कुणीही सभ्यपणे राहून गेलं तरी जे करावंच लागतं ते सफाईच्या पैशात. झाडणं, पुसणं, चादरी, बाथरूम घासणं हे त्यात आलं. आपण काही वेगळं केलं म्हणून जे वाढलं ते आपलं. मटण, कायमचा बसलेला गुलाल, मुलांनी भिंतीवर काढलेली चित्रं. आणि वास मारणारं, कुजणारं, थिजणारं काहीही मागं ठेवायचं नाही, मग ते कुणाच्याही पैशात येवो.

घरमालक खालच्या मजल्यावर राहतात आणि त्यांची बायकोच सगळं करते, सफाईचे पैसे वेगळे घेतलेले नाहीत, असं घर पन्हाळ्याकडे किंवा राधानगरीच्या बाजूला मिळतं. तिथं मात्र सासूबाईंचं ऐकावं. ताटं उचलून मोरीपर्यंत न्यावीत, 'वहिनी, हे कुठं ठेवू?' म्हणून विचारावं. तुम्ही तिथं भाडं दिलंत तरी निम्मे पाहुणेच असता.

नवऱ्याच्या बाजूनं एक गोष्ट सांगते, कारण मालक लोकही कमी नसतात. सफाईचे पैसे घ्यायचे आणि फ्रिजवर कागदही चिकटवायचा: चादरी काढून मशीनला लावा, फरशी पुसा, कचरा खाली नेऊन टाका, न केल्यास अमुक दंड. अमेरिकेत या यादीवरून पाहुण्यांची इतकी ओरड झाली की अशी घरं भाड्यानं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी कंपनीला २०२२ च्या नोव्हेंबरात बोलावं लागलं. दिवे बंद करणं, अन्न कचऱ्यात टाकणं, दार लावणं एवढं पाहुण्यांना सांगायला हरकत नाही. चादरी काढणं, धुणं लावणं, व्हॅक्यूम फिरवणं त्यांच्या गळ्यात मारू नये, आणि जाताना काय करायचं ते बुकिंगच्या आधी दिसलं पाहिजे, असं त्यांनी जाहीर केलं. तुमचं बुकिंग फोनवरचं, त्यामुळे हे तुमच्या मालकांना बांधील नाही. पण मापाला बरं पडतं. व्हॅक्यूमच्या जागी आपली फरशी धरा. तांबड्या रश्श्याचा त्यांनी विचार केलेला नसावा, तो आपला आपण करायचा.

आणि आता तो बॅगा घेऊन खाली जाण्याचा प्रकार. नवऱ्याचा मुद्दा निम्मा बरोबर होता, पण मुद्दा मांडून तो गाडीपाशी उभा राहिला आणि काम तुमच्या दोघींच्या अंगावर पडलं. घरी तेच, कोल्हापुरात तेच. सुट्टी मग कुणाची झाली? 'काही करू नका' असं म्हणणाऱ्यानं सासूबाईंना थांबवायचं असतं, नाहीतर फडकं स्वतःच्या हातात घ्यायचं असतं. तिसरा रस्ता त्यानं घेतला तो सगळ्यात सोपा होता. दीर तर मुद्दा मांडायलाही थांबले नाहीत.

यावर भांडण काढावं असं मी म्हणत नाही. पुढच्या सहलीला शेवटच्या रात्री जेवण झाल्या झाल्या, कुणी मोबाइल हातात घ्यायच्या आत, कामं वाटून टाका. पातेली पुसून घासायची नवऱ्यानं आणि दिरांनी. त्यात मान खाली जाण्यासारखं काही नाही. कोल्हापुरात मटण शिजवायला पुरुष हौसेनं पुढं असतात, पातेल्याच्या तळाशीही त्यांची ओळख असू दे. मोठ्या मुलांनी कचरा ओला-सुका करायचा, पलंगाखाली बघायचं: चार्जर, मोजे, खेळणी. जाऊबाईंनी फ्रिज रिकामा करायचा. तुम्ही दिवे, पंखे, गीझर, गॅसचा कॉक बघायचा आणि निघताना स्वयंपाकघराचा नि बाथरूमचा एकेक फोटो काढून ठेवायचा. सासूबाईंना देवाचं सामान बांधायला द्या. त्यांना रिकामं बसवलंत तर त्या झाडू शोधतीलच. आणि 'तुमचं चुकलं' असं त्यांना सांगू नका. मावशींना फरशी परत पुसावी लागते, पण कुणी पातेलं पुसून ठेवलं तर त्यांचा अर्धा तास वाचतो, एवढंच सांगा. मावशींचा अर्धा तास हे कारण त्यांना पटेल.

आता सातशेचं. डिपॉझिट मोडतोडीसाठी असतं, सफाईसाठी आठशे वेगळे दिलेत. एकाच कामाचे पैसे दोनदा घ्यायचे नाहीत, हा साधा न्याय. सिंकला प्लंबर बोलवावा लागला असेल तर ते पैसे तुमचे, त्यात वाद नाही. मावशींनीच तार घालून मोकळं केलं असेल तर त्या पैशांवर हक्क मावशींचा, मालकांचा नव्हे. चादरींचा गुलाल धुऊन गेला असेल तर तो आठशेत आला. कायमचा बसला असेल तर त्या एका चादरीची किंमत द्या, तीही वापरलेल्या चादरीची, नव्या सेटची नाही. गीझरचं कारण मात्र हास्यास्पद आहे. पाणी तापलं की तो आपोआप बंद होतो, कुणी नळ सोडला नाही तर दोन-अडीच तासांत त्यानं कितीशी वीज खाल्ली असेल? फार तर काही रुपयांची. चालू ठेवून जाणं चूकच, पण तिचा दंड होत नाही.

मालकांना भांडणाचा मेसेज पाठवू नका, हा पाठवा. 'नमस्कार. तुमचा मेसेज मिळाला. सिंक आमच्या मटणाच्या तेलकटीनं तुंबलं असेल तर तो खर्च आमचा, प्लंबरला किती दिले ते कळवावं. मावशींनीच साफ केलं असेल तर त्यांचा नंबर द्या, मी त्यांना दोनशे रुपये थेट पाठवते. चादरींचे डाग धुऊन गेले का? गेले असतील तर ते सफाईच्या आठशेत धरावेत ही विनंती. राहिले असतील तर फोटो पाठवा, त्या चादरीचं काय ते बघू. गीझर बंद करायचा राहिला, माफ करा, पण त्याचे पैसे कापणं योग्य वाटत नाही. उरलेली रक्कम परत करावी.' एवढंच. 'आम्ही तुमची फरशीसुद्धा पुसली' हे लिहू नका. मनात कितीही आलं तरी.

माझा अंदाज, तीनशे-चारशे परत येतील. प्लंबरची चिठ्ठीच आली तर जरा कमी. उत्तरच आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, पण फोनवरचं बुकिंग, पावती नाही, नियम लिहून दिलेले नाहीत. एवढ्या रकमेसाठी त्या वाटेला मी गेले नसते. ज्यांच्याकडून नंबर मिळाला त्या ओळखीच्या माणसाला घडलं ते जसंच्या तसं सांगा. कोल्हापुरात धंदा ओळखीवर चालतो, ते मालकांपर्यंत पोचतं.

पुढच्या वेळी मात्र बुकिंगच्या फोनवरच विचारून घ्या आणि व्हॉट्सॲपवर लिहून मागा: सफाईच्या पैशात काय काय येतं, मटण केलं तर भांड्यांचं काय, कचरा कुठं ठेवायचा, आणि डिपॉझिटमधून कशाकशाचे कापता. हा फोन नवऱ्याला करायला लावा.